कामाच्या तासांइतकीच कामातल्या तल्लीनतेचीही चर्चा व्हावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

माणसाने आठवड्याला किती तास काम करावे, यावर गेली दोन-तीन वर्षे आपल्याकडे मोठा वाद चालू आहे. एका उद्योगपतींनी ७० तास सांगितले, दुसऱ्यांनी ९० तासांपर्यंत मजल नेली आणि त्यावर वाचकांनीही दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले. तासांची मर्यादा हा क्षुल्लक विषय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, त्या शहरातल्या माणसाने तरी ही मर्यादा सैल करण्याची भाषा निमूटपणे ऐकून घेऊ नये, असे माझे मत आहे. परंतु या सगळ्या वादात एक प्रश्न कुणी विचारलेला माझ्या वाचनात आला नाही आणि तो विचारावा म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

त्या तासांत माणसाचे मन कामात असते का? सकाळी दहाला खुर्चीत बसलेला माणूस संध्याकाळी सहाला उठतो, तेव्हा मधल्या वेळात त्याला तहानभूक विसरायला लावणारे काही घडले, की त्याने नुसत्या पाट्या टाकल्या? रोजच्या साध्या, पोटापाण्याच्या कामात पूर्ण बुडून जाता येणे हा माणसाच्या सुखाचा फार मोठा भाग आहे. पगार, रजा आणि निवृत्तिवेतन जितके हक्काचे, तितकाच हाही हक्काचा मानला पाहिजे. सध्या मात्र आपण तो हातचा घालवत आहोत आणि त्याबद्दल कुणाला फारशी हळहळही वाटत नाही.

या विषयाचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, ते मानसशास्त्रज्ञ म्हणजे मिहाय चिक्सेंटमिहाय. त्यांचा जन्म १९३४ मध्ये युरोपात एका हंगेरियन कुटुंबात झाला, कारकिर्दीचा मोठा भाग अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेला आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. तरुणपणी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण करताना त्यांच्या असे लक्षात आले की, रंगवायला बसल्यावर ज्यांना भूक, थकवा आणि वेळ यांचे भान राहत नसे, त्यांनाच चित्र पुरे झाल्यावर त्या चित्रात फारसे स्वारस्य उरत नसे. ओढ होती ती रंगवण्याची. पुढे गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यचिकित्सक आणि कारखान्यातले कामगार अशा अनेकांशी बोलून त्यांनी या तल्लीनतेची लक्षणे नोंदवली. त्यांतली तीन मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. पुढच्या क्षणी नेमके काय करायचे हे स्वच्छ ठाऊक असणे, केलेले बरोबर झाले की नाही हे लगेच कळणे आणि काम आपल्या कौशल्याला किंचित ताण देईल इतके अवघड असणे. फार सोपे असेल तर माणूस कंटाळतो, फार अवघड असेल तर धास्तावतो.

१९८९ मध्ये त्यांनी ज्युडिथ लफेव्हर यांच्यासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. शिकागो परिसरातील ७८ नोकरदार स्त्री-पुरुषांजवळ आठवडाभर पेजर दिले होते. पेजर दिवसातून अनेकदा, कधीही वाजे. तो वाजला की त्या क्षणी आपण काय करत आहोत, काम किती आव्हानाचे आहे, आपले कौशल्य त्यात कितपत लागत आहे आणि मनाची अवस्था कशी आहे, हे वहीत टिपायचे. आव्हान आणि कौशल्य दोन्ही त्या माणसाच्या नेहमीच्या पातळीहून वर असल्याचे क्षण मोजले, तेव्हा ते कामाच्या वेळी ५४ टक्के आणि फुरसतीच्या वेळी अवघे १८ टक्के निघाले. याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढची आहे. कामावर असताना याच माणसांना आपण इथे नसतो तर बरे झाले असते, असे अधिक वेळा वाटत होते. ज्या ठिकाणी मन सर्वांत अधिक जागे होते, तिथूनच त्यांना सुटका हवी होती. लहानपणापासून कामाकडे ओझे म्हणून पाहायला शिकवले, की अनुभव काहीही सांगत असला तरी माणूस त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

माझी स्वतःची नोकरी डाक खात्यात, रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये झाली आणि तिची सुरुवातीची वर्षे चालत्या गाडीच्या डाकडब्यात गेली. चालत्या गाडीतले ते सॉर्टिंग आता जवळजवळ इतिहासजमा झाले आहे, म्हणून ते काम कसे असे हे थोडे सविस्तर सांगतो. नागपूरहून भुसावळकडे निघालेल्या गाडीत आमच्या डब्याच्या एका भिंतीला छातीच्या उंचीपासून वर लहान लहान खणांची मांडणी असे आणि प्रत्येक खण एका गावाचा किंवा एका कार्यालयाचा. त्या मांडणीसमोर पाय थोडे फाकून उभे राहायचे, कारण गाडी रूळ बदलताना हिसका देते. पत्रांचा गठ्ठा डाव्या हातावर आडवा धरायचा, अंगठ्याने वरचे पत्र पुढे सरकवायचे, उजव्या हाताने ते खणात टाकायचे आणि हात खणाकडे जात असतानाच नजर पुढच्या पत्त्यावर गेलेली असली पाहिजे. पत्ते मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. कधी व्यापाऱ्याच्या घाईच्या अक्षरात, कधी नुकत्याच लिहायला शिकलेल्या आजीबाईंच्या. हिवरा आणि पिंपळगाव या नावांची गावे विदर्भात किती, हे डाकेत काम केलेल्या माणसालाच विचारावे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून, आणि हे गृहस्थ संस्कृतचे मान्यवर कवी होते, याचा आम्हा डाकवाल्यांना आजही अभिमान आहे. वर्धा म्हटले की ४४२००१, अकोला ४४४००१, मलकापूर ४४३१०१, हे आकडे आमच्या जिभेवरच नव्हे तर मनगटात बसले होते.

वर्धा येण्याच्या आत वर्ध्याची थैली बंद झाली पाहिजे, हा नियम. गाडीने सिंदी मागे टाकली की वर्ध्याच्या खणातली पत्रे काढायची, सुतळीने बांधायची, वर लेबल लावायचे, थैलीत भरून तिचे तोंड आवळायचे आणि हलत्या डब्यात लाख वितळवून त्यावर शिक्का उमटवायचा. तोवर पुलगाव, धामणगावची पत्रे खणांत साठत असत आणि बडनेऱ्याला उतरणारी अमरावतीची मोठी डाक समोर उभी असे. कुणी वरिष्ठ मागे उभा राहून ओरडण्याची गरज नव्हती. पुढचे स्टेशन हाच आमचा मुकादम होता. पत्र चुकीच्या थैलीत गेले, तर ते ‘मिससेंट’चा शिक्का घेऊन परत फिरे आणि कुणाच्या पाळीत ते घडले हे सर्वांना समजे. उन्हाळ्यात तो डबा भट्टीसारखा तापे, पंखे गरम वारा फेकत, बनियनवर काम करावे लागे. तरीही सांगतो की, मूर्तिजापूर कधी आले आणि कधी गेले हे समजत नसे. अकोल्याला चहाचा कप हातात आल्यावर खांदे दुखत असल्याचे पहिल्यांदा जाणवे. त्या वेळी मनात जी शांतता असे, ती मला पुढे कार्यालयातल्या मोठ्या पदावर, पंख्याखाली, सही करण्याच्या कामात क्वचितच लाभली.

त्याच डब्यात, त्याच पगारावर, तेच काम करणारे दुसरे लोकही होते, ज्यांचा प्रत्येक मिनिट घड्याळाकडे पाहण्यात जाई आणि भुसावळला उतरताना ते आमच्याहून अधिक थकलेले असत. हा फरक कशाने पडत असे? आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने स्वतःसाठी काही अटी घालून घेतल्या होत्या. खणाकडे न पाहता पत्र टाकायचे, एकदा हातात घेतलेले पत्र बाजूला ठेवायचे नाही आणि न लागणाऱ्या अक्षराचा उलगडा होईपर्यंत शेजाऱ्याला विचारायचे नाही. खात्याने यातले काहीही सांगितलेले नव्हते. काम हाताच्या सवयीचे होऊन सोपे पडू लागले की ते पुन्हा थोडे अवघड करून घ्यायचे, ही त्यांची रीत होती, आणि ती पाहून आम्ही तरुण मंडळी घडलो.

चिक्सेंटमिहाय यांनी वर्णन केलेला एक कामगार मला म्हणूनच फार ओळखीचा वाटतो. शिकागोच्या दक्षिण भागात रेल्वेचे डबे जोडण्याच्या कारखान्यात हा साठी ओलांडलेला वेल्डर काम करत होता. अधिकाराच्या उतरंडीत तो सर्वांत खाली, फोरमन होण्याची संधी त्याने अनेकदा नाकारलेली, पण कारखान्यातले कोणतेही यंत्र बिघडले की बोलावणे त्यालाच. लहानपणी घरातला टोस्टर बंद पडला, तेव्हा मी जर हा टोस्टर असतो आणि चालत नसतो तर माझ्यात काय बिघडले असते, असा विचार करून त्याने तो दुरुस्त केला आणि पुढे तीच त्याची पद्धत झाली. भोवतालचे बहुतेक कामगार पाळी संपण्याची वाट पाहत. काम एकच, छप्पर एकच, धूर आणि उकाडाही एकच. दुसरे उदाहरण रुग्णालयातल्या सफाई कामगारांचे आहे. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या संशोधिकांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, काही सफाई कर्मचारी नेमून दिलेल्या कामापलीकडे रुग्णांशी चार शब्द बोलणे, नातेवाइकांना वाट दाखवणे अशा गोष्टी आपणहून करत आणि रुग्ण बरा होण्यात आपलाही हात आहे असे मानत. नेमणुकीच्या आदेशात जेवढे लिहिलेले असते, त्याच्याहून काम नेहमीच मोठे असते.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण वरच्या परिच्छेदांचा गैरवापर करणारेही पुष्कळ निघतील. माणूस कामात रमतो म्हणून त्याला कमी मोबदला दिला तरी चालतो, हा युक्तिवाद मी समूळ नाकारतो. नात्यातल्या एका लग्नाच्या खरेदीसाठी आम्ही भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला गेलो होतो, तेव्हा करवती काठाची कोशाची साडी मागावर विणताना जवळून पाहिली. या साडीला आडवा धागा ओढून नेणारे तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा रंग वेगळा आणि अंगाचा वेगळा, त्यामुळे प्रत्येक ओळीत काठाचा आडवा धागा आणि अंगाचा आडवा धागा ठरलेल्या जागी एकमेकांत अडकवावा लागतो आणि ती जागा ओळीओळीने एकेका धाग्याने पुढेमागे सरकवत नेली, की करवतीचे दाते उमटतात. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसला होता, पायाने पावडी दाबत होता आणि आम्ही पाच-सहा माणसे भोवती उभी असताना त्याने मान वर केली नाही. दाता एका धाग्याने जरी चुकला तर पुढे सगळी रांग वाकडी दिसते, असे त्याने नंतर सांगितले. ते सांगताना त्याच्या बोलण्यात कंटाळ्याचा लवलेश नव्हता. मुलाला मात्र आपण मागावर बसवणार नाही, हेही त्याने त्याच दमात सांगितले, कारण एवढ्या दिवसांच्या विणकामातून घर चालत नाही. तल्लीनता त्याच्याजवळ भरपूर होती, कमी होता तो दाम, आणि त्याची उणीव आपल्यासारख्या घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांनीच निर्माण केली आहे. ज्या कामात माणसाचे सुख आहे, ते काम दारिद्र्यामुळे त्याला सोडावे लागणे, याच्याएवढा अन्याय दुसरा नसेल.

घरातल्या कामाबद्दलही लिहिणे भाग आहे, कारण कामाच्या तासांच्या वादात ते कधी येतच नाही. स्वयंपाकघरातले काम कंटाळवाणे असते, असे सर्रास म्हटले जाते. माझे निरीक्षण वेगळे आहे. ते काम तुकड्यांचे असते. भाजी चिरायला घेतली की कुणाचा तरी डबा, डबा भरायला घेतला की दारावरची घंटा, घंटा झाली की फोन. दहा मिनिटे सलग कशातही मन घालता येत नाही आणि मग दिवसअखेर थकवा उरतो, केल्याचे समाधान उरत नाही. वैशाखात माझी बहीण कुरड्यांसाठी गहू भिजत घालते, त्या कामाकडे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक काढून तो शिजवायला चढवला, की हात थांबवता येत नाही. थांबला तर गाठी होतात, आच वाढली तर बुडाशी लागते. पांढरा चीक हळूहळू घट्ट होत जातो, त्याला चकाकी येते, तो डावाला धरून राहू लागतो आणि नेमक्या कोणत्या क्षणी उतरवायचा हे तिला डोळ्यांनी आणि हाताला जाणवणाऱ्या जडपणाने कळते. ते घाम काढणारे काम आहे. तरी तेवढ्या वेळात तिचा चेहरा जितका निवांत असतो, तितका एरवी सणावारीही दिसत नाही. कारण उघड आहे. चीक चढवला की घरातले कुणीही तिला हाक मारत नाही. वर्षातून एकदा त्या कामाच्या धाकाने का होईना, तिचा तासभर अखंड तिचा राहतो. मग उरलेल्या दिवसांत तो तास तिला देणे घरातल्या पुरुषांना आणि मुलांना अशक्य आहे का?

व्यत्यय हाच या काळातला तल्लीनतेचा मोठा शत्रू आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधिका ग्लोरिया मार्क यांनी माणसे पडद्यावरच्या एका गोष्टीवर किती वेळ टिकतात, याची मोजमापे वर्षानुवर्षे केली. २००४ च्या सुमारास ती सरासरी अडीच मिनिटे होती, अलीकडच्या वर्षांत ती सुमारे ४७ सेकंदांवर आली आहे. दुसऱ्या बाजूला, हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा २०१० चा अभ्यास आहे. त्यांनी आयफोनद्वारे २,२५० प्रौढांना दिवसात केव्हाही विचारले की, या क्षणी तुम्ही काय करत आहात, तुमचे मन त्यातच आहे की अन्यत्र, आणि तुम्हाला कसे वाटते आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामाहून दुसरीकडे भटकत होते आणि मन भटकत असताना माणसे कमी सुखी होती. मन कुठे आहे यावरून त्यांचे सुख जितके ओळखता येत होते, तितके ती कोणते काम करत आहेत यावरून येत नव्हते. हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की, आपण हातात घेऊन फिरत असलेल्या यंत्राने आपल्या सुखाचे नेमके काय केले आहे, हे समजायला वेळ लागत नाही.

माझा एक भाचा बँकेत आहे. कर्जाचे एक प्रकरण नीट वाचायला त्याला पाऊण तास सलग हवा असतो, परंतु त्या पाऊण तासात कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर वरिष्ठांचे संदेश येत राहतात आणि त्यांवर तत्काळ ‘नोटेड’ असे लिहिले नाही, तर संध्याकाळी विचारणा होते. आकडा कळवा, फोटो पाठवा, मोहिमेत तुमची शाखा मागे का, असे ते संदेश. तरुण मुलांना कामाची आवड नाही, ही तक्रार मी सेवानिवृत्तांच्या सकाळच्या बैठकीत रोज ऐकतो आणि दरवेळी तिला विरोध करतो. आवड निर्माण व्हायला जो अखंड वेळ लागतो, तो त्यांच्या हाती कुणी ठेवला आहे? आमच्या डाकडब्यात ऊन होते, धूळ होती, पण दोन स्टेशनांच्या मध्ये आम्हाला कुणी हाक मारू शकत नव्हते, आणि ते केवढे मोठे भाग्य होते हे आज समजते.

आपल्या परंपरेला ही गोष्ट अपरिचित नाही. अरणगावच्या सावता माळ्यांनी मळ्यातल्या कामालाच पूजा मानले आणि पंढरीच्या वाटेला लागण्यापेक्षा वाफ्याला पाणी देणे पसंत केले, ही कथा घराघरांत सांगितली जाते. त्याच परंपरेत गोरोबाकाकांची कथाही आहे. चिखल तुडवताना भान हरपले आणि रांगत आलेले मूल पायाखाली गेले. गोरोबांचे भान विठ्ठलाच्या नामात हरपले होते, कामात नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही बुडून जाण्याची एक किंमत असते आणि ती बहुधा जवळच्या माणसांना मोजावी लागते, हे त्या कथेने जितके थेट सांगितले आहे तितके कोणत्याही अभ्यासाने सांगितलेले नाही. कामात दंग असणाऱ्या पुरुषांच्या घरी मुलाकडे पाहणारे दुसरे कुणीतरी असते, म्हणून तर त्यांची तल्लीनता अबाधित राहते. ती जबाबदारी आळीपाळीने वाटून घेतली, तरच हे सुख घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येईल.

मुलांच्या बाबतीत तर आपण अगदी जवळचा वारसा विसरलो आहोत. नागपूरपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीमची योजना पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. सूतकताईसारखा एखादा हातचा उद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवायचा आणि गणित, भूगोल, भाषा हे सारे त्याच्या अनुषंगाने शिकायचे, हा तिचा गाभा. ती योजना देशभर का टिकली नाही, याची कारणे अनेक आहेत आणि त्यांत मी जात नाही. पण मुलाला एका कामात दीर्घकाळ मन लावायची सवय व्हावी, ही तिच्यातली दृष्टी आज अधिक गरजेची आहे. आपल्या शाळांत ३५-४० मिनिटांनी घंटा होते. चित्र रंगात येते न येते तोच वही मिटून गणिताचे पुस्तक काढायचे. आठवड्यातून निदान एक दुपार, मधली सुटी ते शाळा सुटेपर्यंत, एकाच हातच्या कामासाठी राखून ठेवायला नागपुरातल्या कोणत्याही शाळेला वेगळ्या अनुदानाची गरज पडू नये. माती, सुतारकाम, शिवण, बागकाम, काहीही चालेल. घंटा मात्र मध्ये होऊ नये.

कार्यालयांसाठीही माझी अपेक्षा इतकीच साधी आहे. शासकीय कचेऱ्या, बँका आणि मिहान या उद्योग-प्रकल्पातल्या कंपन्या यांनी रोजचे दोन तास असे ठरवावेत की, त्या वेळात अंतर्गत संदेश, बैठक किंवा तातडीचा नसलेला फोन होणार नाही. खिडकीवर नागरिकांची कामे चालूच राहतील, किंबहुना ती अधिक नीट होतील. आणि ज्याला काम द्यायचे त्याला ते शक्यतो पूर्ण द्यावे, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, म्हणजे ते बरोबर झाले की नाही हे त्याचे त्याला कळेल. चौघांत वाटलेल्या तुकड्याचा परिणाम कुणालाच दिसत नाही आणि परिणाम न दिसणाऱ्या कामात कुणाचेही मन बसत नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती करून थांबतो. आपल्या नागपूर पुरवणीत आठवड्यातून एकदा एका काम करणाऱ्या माणसाचे काम बारकाईने लिहावे. यशोगाथा नको, पुरस्कारांची यादी नको. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची प्रतवारी करणारे हात फळ उचलताच त्याची प्रत कशी ओळखतात, चितार ओळीतला मूर्तिकार गणपतीचे डोळे रेखताना श्वास कसा सांभाळतो, शासकीय मेडिकल रुग्णालयातली परिचारिका लहान बाळाची शीर कशी शोधते, हे त्यांच्याच शब्दांत यावे. त्यांना मिळणारा मोबदला छापावा आणि त्यांच्या कामात व्यत्यय कोण आणतो, हेही विचारावे. रेल्वे मेल सर्व्हिसमधले माझे काही जुने सहकारी अजून नागपुरात आहेत. आपण सदर सुरू केले, तर त्यांच्याशी बोलून डाकडब्यातल्या कामाचा मजकूर मी स्वतः लिहून पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त डाक कर्मचारी
प्रतापनगर, नागपूर